ओरादूर-स्युर-ग्लान: जपलेले अवशेष आणि माफीचा कायदा

मध्य फ्रान्समधल्या लिमोज शहराच्या वायव्येला, साधारण वीस किलोमीटरवर, ओरादूर-स्युर-ग्लान हे गाव आहे. १० जून १९४४ या एका दुपारी जर्मन वाफेन-एसएसच्या, म्हणजे नाझी पक्षाच्या लष्करी दलाच्या, एका तुकडीने इथल्या माणसांची कत्तल करून गाव पेटवून दिले. तेव्हापासून या नावाची दोन गावे शेजारी शेजारी उभी आहेत: एक जळालेले, छपरे नसलेले, सरकारने आहे त्या अवस्थेत राखलेले, आणि दुसरे त्याच्या लगत नव्याने वसवलेले, ज्यात माणसे राहतात, शाळा भरते आणि बाजार होतो.

या प्रकरणावर लिहिताना बहुतेक जण हत्याकांडापाशी सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. ते स्वाभाविक आहे, कारण त्या दुपारी जे घडले त्यापुढे बाकी सारे किरकोळ वाटू लागते. परंतु ओरादूरचा खरा अभ्यास करायचा असेल तर त्यानंतरची नऊ-दहा वर्षे तितक्याच बारकाईने पाहावी लागतात. फ्रेंच राज्यसंस्थेने या गावाला साऱ्या राष्ट्राच्या यातनांचे प्रतीक ठरवले, आणि त्याच गावाची न्यायाची मागणी राष्ट्रीय ऐक्याच्या आड येऊ लागताच ती बाजूला सारली. अवशेष राखण्याचा निर्णय आणि गुन्हेगारांना माफी देण्याचा निर्णय हे दोन्ही एकाच सरकारी दृष्टीतून आले, असे माझे मत आहे आणि पुढील मांडणी त्याच अंगाने केली आहे.

त्या शनिवारपर्यंतची परिस्थिती

युद्धापूर्वीचे ओरादूर हे लिमुझँ प्रांतातले चारचौघांसारखे बाजाराचे गाव होते. पंचक्रोशीतले शेतकरी गुरांच्या बाजाराला येत. लिमोजहून विजेवर चालणारी ट्राम थेट गावातून जात असे आणि सुट्टीच्या दिवशी शहरातली माणसे ग्लान नदीवर मासे धरायला व खानावळीत जेवायला येत. युद्धकाळात गावाची वस्ती वाढली. १९४० मध्ये जर्मनीने अल्सास आणि मोझेल हे पूर्वेकडचे प्रदेश आपल्या राज्यात जोडले, तेव्हा तिथून घालवून दिलेली किंवा आधीच हलवलेली कुटुंबे इथे आली. मोझेलमधल्या शार्ली या गावचे तर इतके लोक होते की लोरेनच्या, म्हणजे मोझेल ज्या प्रांतात येतो तिथल्या, मुलांसाठी वेगळी शाळा भरत असे. स्पेनच्या यादवी युद्धातून पळून आलेले काही रिपब्लिकन निर्वासित होते, आणि काही ज्यू कुटुंबेही आसऱ्याला होती. जर्मन ताब्याविरुद्ध लढणारे शस्त्रधारी प्रतिकार गट या भागाच्या जंगलांत होते, पण ओरादूरमध्ये त्यांचा तळ नव्हता. शहरातल्या टंचाईच्या मानाने इथे खायला मिळत होते आणि जर्मन सैनिक गावाने क्वचितच पाहिले होते.

६ जून १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांचे सैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले. दक्षिणेत माँतोबानच्या परिसरात असलेल्या ‘दास राइश’ या दुसऱ्या एसएस चिलखती डिव्हिजनला उत्तरेकडे निघण्याचा हुकूम मिळाला, आणि वाटेतल्या प्रतिकार गटांचा बीमोड करण्याचे कामही तिच्यावर सोपवण्यात आले. ही डिव्हिजन पूर्व आघाडीवर लढून आली होती. तिथे एखाद्या भागात छापामारांचा संशय आला तर अख्खे गाव जाळणे ही नित्याची पद्धत बनली होती, आणि ती पद्धत या सैन्याने फ्रान्समध्ये आणली. ९ जूनला त्यांनी त्यूल या गावात ९९ पुरुषांना घरांच्या सज्ज्यांवर आणि दिव्याच्या खांबांवर फाशी दिले. त्याच दिवशी प्रतिकार गटांनी हेल्मुट केंफे या एसएस अधिकाऱ्याला पकडून नेले.

ओरादूरच का, याचे अनेक खुलासे दिले गेले आहेत. केंफेच्या अपहरणाचा सूड, सेनापतींनी दहशत बसवण्यासाठी निवडलेले सोपे लक्ष्य, जवळच्याच ओरादूर-स्युर-व्हेर या सारख्या नावाच्या गावाशी झालेली गल्लत असे ते खुलासे आहेत. यांपैकी शेवटचा मला सर्वांत कच्चा वाटतो. तुकडीने आधी गाव वेढले, मग पद्धतशीरपणे काम केले आणि पुढचे दोन दिवस परत येऊन पुरावे मिटवले. नावाच्या गोंधळातून आलेले सैनिक असे वागत नाहीत. निःशस्त्र आणि बेसावध गाव असणे हेच निवडीचे कारण असावे, असे मानण्याकडे माझा कल आहे.

दुपारचे चार तास

शनिवार होता. तंबाखूचे रेशन वाटण्याचा दिवस असल्याने आसपासच्या वाड्यांवरचे पुरुष गावात आले होते, आणि शाळाही भरलेल्या होत्या. दुपारी दोनच्या सुमारास आडोल्फ डीकमान याच्या बटालियनची तिसरी कंपनी, तिचा प्रमुख ओट्टो काह्न याच्यासह, गावात शिरली. ओळखपत्रांची तपासणी आहे असे सांगून सर्वांना गुरांच्या बाजाराच्या मैदानावर जमवण्यात आले. लोक फारसे घाबरले नाहीत. नियमितपणे होणारी तपासणी असेल असे त्यांना वाटले, आणि शिक्षकांनी मुलांना रांगेने मैदानावर आणले. रोजे गोदफ्रँ हा आठ वर्षांचा मुलगा तेवढा शाळेच्या मागून पळाला. तो शार्लीहून आलेल्या कुटुंबातला होता. जर्मन दिसले की पळायचे, असे आईने बजावून ठेवले होते. शाळेतल्या मुलांपैकी तोच एकटा वाचला. त्याचे आईवडील आणि भावंडे मारली गेली.

मैदानावर स्त्रिया आणि मुले वेगळी काढून चर्चमध्ये नेण्यात आली. पुरुषांना सहा ठिकाणी विभागले गेले, त्यांत धान्याची कोठारे होती, एक गॅरेज होते, एक लोहारशाळा होती आणि एक दारूची वखार. चारच्या सुमारास इशारा झाला आणि सगळीकडे एकाच वेळी मशीनगन सुरू झाल्या. पडलेल्यांवर गवत आणि सरपण टाकून आग लावण्यात आली. त्यात अजून जिवंत असलेले कितीतरी होते. लोदी कुटुंबाच्या कोठारात प्रेतांखाली दबलेले पाच जण धूर वाढल्यावर सरपटत मागच्या बाजूने बाहेर पडू शकले. त्यांपैकी रोबेर एब्रास तेव्हा अठरा वर्षांचा होता. त्याची आई आणि दोन बहिणी त्याच वेळी चर्चमध्ये होत्या.

चर्चमधून एकच व्यक्ती जिवंत बाहेर आली: ४७ वर्षांची शेतकरी स्त्री, मार्गरित रुफांश. तिच्या साक्षीवरूनच आत काय घडले ते जगाला कळले. सैनिकांनी वाती लोंबत असलेली एक पेटी आत आणून ठेवली; तिचा स्फोट होऊन दाट काळा धूर भरला, लोक दारांकडे आणि लहान खोल्यांकडे धावले, आणि मग गोळीबार सुरू झाला. रुफांशबाई वेदीच्या मागे गेल्या. तिथल्या तीन खिडक्यांपैकी मधली सर्वांत मोठी होती. मेणबत्त्या लावण्यासाठी ठेवलेल्या शिडीसारख्या स्टुलावर चढून त्यांनी स्वतःला बाहेर झोकून दिले आणि त्या सुमारे तीन मीटर खाली पडल्या. मागोमाग एका तरुण आईने आपले तान्हे बाळ त्यांच्याकडे देऊ केले व उडी मारली; बाळ आणि आई दोघेही गोळ्यांना बळी पडले. पाच गोळ्या लागलेल्या अवस्थेत रुफांशबाई पाद्र्याच्या घरामागच्या बागेत सरकत गेल्या आणि वाटाण्याच्या ओळींमध्ये दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पडून राहिल्या. नवरा, मुलगा, दोन मुली आणि सात महिन्यांचा नातू त्यांनी त्या दुपारी गमावला. नऊ वर्षांनी बोर्दोच्या न्यायालयात त्या उभ्या राहिल्या तेव्हाही त्यांची साक्ष शांत आणि तपशिलाला धरून होती, हे मुद्दाम नोंदवावेसे वाटते. पुढे जे राजकारण झाले त्यात या साक्षीची किंमत कोणी नाकारली नाही, फक्त तिच्यावरून निघणारा निष्कर्ष टाळला गेला.

मृतांचा अधिकृत आकडा अनेक दशके ६४२ होता. पुढे एका स्पॅनिश निर्वासित स्त्रीचे नाव यादीतून राहून गेल्याचे संशोधनातून सिद्ध झाले आणि आता तो ६४३ धरला जातो. त्यांत दोनशेहून अधिक मुले होती. ११ आणि १२ जूनला सैनिक पुन्हा येऊन प्रेते ओळखता येऊ नयेत अशा रीतीने पुरून आणि विखरून गेले. परिणामी दहातला एक देहसुद्धा ओळखता आला नाही. ही गोष्ट पुढच्या वादात फार महत्त्वाची ठरली, कारण बहुसंख्य कुटुंबांना स्वतःची अशी कबर नव्हती. अवशेष म्हणजे सारे गावच त्यांच्यासाठी कबर होते.

गाव राखून ठेवण्याचा निर्णय

फ्रान्सचा हा भाग ऑगस्ट १९४४ मध्ये मुक्त झाला. त्याच वर्षाच्या शरद ऋतूत, युद्ध अजून चालू असताना, उद्ध्वस्त गाव तसेच राखावे अशी योजना आकाराला आली. तिच्यामागे स्थानिक समिती होती आणि तिचा प्रमुख आधार होते पिएर मास्फ्राँ. जवळच्या रोशशुआरचे हे डॉक्टर तिथल्या संग्रहालयाचे कामही पाहत असत आणि तेच अवशेषांचे पहिले रक्षक झाले. नोव्हेंबरमध्ये हंगामी सरकारने योजना स्वीकारली. मार्च १९४५ मध्ये त्या सरकारचे प्रमुख जनरल द गॉल गावात येऊन गेले. ओरादूरवर जे झाले ते फ्रान्सवर झाले, अशा आशयाचे त्यांचे भाषण होते. १० मे १९४६ च्या कायद्याने अवशेषांना ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला व शेजारी नवे गाव बांधण्याची जबाबदारी सरकारने घेतली. १० जून १९४७ रोजी राष्ट्राध्यक्ष व्हेंसां ओरिओल यांच्या हस्ते नव्या गावाची पायाभरणी झाली.

हा निर्णय किती असामान्य होता, हे त्या काळातल्या फ्रान्सकडे पाहिले की कळते. नॉर्मंडीतली शहरे जमीनदोस्त झाली होती, लाखो माणसे बेघर होती, सिमेंट आणि लाकूड यांची टंचाई होती, आणि सर्वत्र एकच घाई होती: ढिगारा उचला आणि बांधा. अशा वेळी एका खेड्याचा ढिगारा उचलायचा नाही, उलट त्यावर पैसा खर्च करून तो टिकवायचा, असे ठरले. पहिल्या महायुद्धानंतर व्हेर्दंच्या रणभूमीवरची काही गावे ‘फ्रान्ससाठी मरण पावलेली’ म्हणून पुन्हा वसवली नव्हती, त्यामुळे अशा विचाराला पूर्वाधार होता. मात्र व्हेर्दंची गावे तोफांच्या माऱ्यात नाहीशी झाली होती आणि तिथले रहिवासी आधीच हलवलेले होते. ओरादूरमध्ये भिंती उभ्या होत्या आणि माणसे नव्हती.

ओरादूरच का निवडले गेले, याचे उत्तर मला निर्णयाच्या राजकीय सोयीत सापडते. १९४४ चा फ्रान्स आतून दुभंगलेला होता. जर्मनीशी सहकार्य करणाऱ्या युद्धकाळातल्या व्हिशी सरकारला साथ देणारे, प्रतिकारात उतरलेले, कम्युनिस्ट, द गॉलवादी आणि कुठल्याच बाजूला नसलेले असे असंख्य लोक, या सगळ्यांना एकत्र बसवील असे स्मारक हवे होते. प्रतिकाराचे स्मारक उभारले असते तर कोणाचा प्रतिकार, हा प्रश्न आला असता. ओरादूरची माणसे कोणत्याही गटाची नव्हती. ती केवळ निरपराध होती, आणि मारेकरी परके होते. या चित्रात सगळ्या फ्रेंच माणसांना स्वतःला पाहता येत होते. चित्राची एक बाजू मात्र तेव्हाच काहींना ठाऊक होती: तिसऱ्या कंपनीतले काही सैनिक अल्सासचे, म्हणजे फ्रेंच होते.

गावकऱ्यांना या निर्णयाची किंमत रोजच्या जगण्यात मोजावी लागली. पहिली काही वर्षे वाचलेली कुटुंबे लाकडी तात्पुरत्या घरांत राहिली. नवे गाव १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण झाले: रुंद सरळ रस्ते, करड्या रंगाची सारखी घरे, मुख्य रस्त्याला नाव ‘१० जून मार्ग’. तिथे वर्षानुवर्षे सार्वजनिक नाच, जत्रा, लग्नातले वाजतगाजत सोहळे होत नसत. बायका काळे कपडे घालत. १९५० च्या सुमारास तिथे वाढलेल्या मुलांचे बालपण अशा सुतकातच गेले. राष्ट्राचे स्मारक शेजारी असणे म्हणजे स्वतःच्या अंगणात कायमचे शासकीय शोकपर्व चालू असणे, हे निर्णय घेणाऱ्यांनी फारसे लक्षात घेतले नव्हते असे दिसते. पाहणारे येत आणि जात. गावाला तिथेच राहायचे होते.

बोर्दोचा खटला

१२ जानेवारी १९५३ रोजी बोर्दोच्या लष्करी न्यायालयात खटला सुरू झाला. प्रत्यक्ष हजर आरोपी २१ होते. त्यांपैकी ७ जर्मन आणि १४ अल्सासचे. या चौदांपैकी एक जण स्वेच्छेने एसएसमध्ये गेलेला होता. उरलेले १३ सक्तीने भरती केलेले. बटालियनचा प्रमुख डीकमान नॉर्मंडीच्या लढाईत जून १९४४ मध्येच मारला गेला होता. काह्न सापडला नाही. डिव्हिजनचा सेनापती हाइन्झ लामरडिंग पश्चिम जर्मनीत ड्युसेलडोर्फला बांधकामाचा व्यवसाय करत होता. फ्रान्सने त्याला त्यूलच्या प्रकरणात गैरहजेरीत मृत्युदंड दिला होता, पण तो कधीच हाती लागला नाही आणि १९७१ मध्ये निधन पावला. म्हणजे हुकूम देणारे कठड्यात नव्हते, पाळणारे होते.

अल्सासच्या बाजूचे म्हणणे नीट ऐकल्याशिवाय हे प्रकरण समजत नाही. ऑगस्ट १९४२ पासून जर्मनीने अल्सास आणि मोझेलमधल्या तरुणांची सक्तीने भरती सुरू केली. सुमारे १,३०,००० जणांना जर्मन गणवेश चढवला गेला, बहुतेकांना रशियन आघाडीवर पाठवले गेले, आणि त्यांपैकी साधारण ४०,००० परतले नाहीत. पळून जाणाऱ्याच्या घरच्यांना हद्दपार केले जाई. १९२६ साली जन्मलेल्यांपैकी अनेकांना तर १९४४ च्या सुरुवातीला थेट वाफेन-एसएसमध्ये घातले गेले. ओरादूरच्या दिवशी त्यांतले काही सतरा-अठरा वर्षांचे होते. आरोपींपैकी काहींनी नॉर्मंडीत संधी मिळताच शरणागती पत्करली होती. अल्सासमध्ये जवळजवळ प्रत्येक घरात असा एखादा मुलगा, भाऊ किंवा जावई होता, आणि त्यामुळे कठड्यातल्या तेरा जणांमध्ये साऱ्या प्रांताला स्वतःची माणसे दिसत होती. स्ट्रासबुर्गच्या मध्यवर्ती चौकातले १९३६ चे युद्धस्मारक या प्रांताची अडचण स्पष्ट दाखवते. त्यात एक आई आपले दोन मरणासन्न मुलगे कुशीत घेऊन बसली आहे, दोघांच्याही अंगावर गणवेश नाहीत, आणि खाली ‘आमच्या मृतांना’ एवढेच कोरले आहे. ते कोणत्या देशासाठी मेले हे लिहिलेले नाही, कारण पहिल्या महायुद्धात अल्सास जर्मनीत होता आणि मुले दोन्ही बाजूंनी लढली होती.

ओरादूरचे म्हणणे याहून साधे होते आणि माझ्या दृष्टीने ते खोडून काढता येत नाही. भरती सक्तीची असेल. परंतु चर्चपाशी, कोठारांपाशी, रस्त्याच्या नाक्यावर उभे राहून जे केले गेले, ते करणाऱ्या प्रत्येकाने त्याची जबाबदारी घेतली पाहिजे. मेलेल्यांत अल्सास-लोरेनहून आलेली कुटुंबेही होती. एकट्या शार्लीचे चाळीसहून अधिक जण मारले गेले, आणि पुढे त्या गावाने आपले नाव बदलून शार्ली-ओरादूर केले. त्यामुळे हा लिमुझँ विरुद्ध अल्सास असा झगडा आहे, ही मांडणी ओरादूरच्या लोकांना मान्य नव्हती. वर्तमानपत्रांनी मात्र ती झपाट्याने रूढ केली.

कायद्याची गुंतागुंत खटल्याला भोवली. १५ सप्टेंबर १९४८ च्या एका कायद्याने गुन्हेगारी ठरवलेल्या तुकडीतल्या प्रत्येकाला सामूहिकरीत्या दोषी मानता येत होते आणि आपण त्यात नव्हतो हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर होता. अल्सासमधून प्रचंड विरोध झाल्यावर, खटला सुरू असतानाच, २८ जानेवारी १९५३ रोजी संसदेने फ्रेंच नागरिकांपुरता हा कायदा मागे घेतला. खटला मधल्यामध्ये नियम बदलून चालवणे हे न्यायाच्या कोणत्याही मोजपट्टीवर बसणारे नव्हते. मूळ कायदाही सदोष होता, याबद्दल वाद नाही. पण त्याची दुरुस्ती पाच वर्षांत केव्हाही करता आली असती.

१३ फेब्रुवारीला पहाटे निकाल लागला. एका जर्मनाला आणि अल्सासच्या त्या एका स्वयंसेवकाला मृत्युदंड, बाकीच्या दोषी जर्मनांना सक्तमजुरी किंवा कैद, आणि सक्तीने भरती झालेल्या तेरा जणांना पाच ते आठ वर्षांची शिक्षा झाली. गैरहजर असलेल्या चाळीसहून अधिक आरोपींना मृत्युदंड ठोठावला गेला. लिमुझँमध्ये ही शिक्षा अपमानास्पद कमी वाटली आणि अल्सासमध्ये ती असह्य वाटली. तिथल्या महापौरांनी निदर्शने केली, युद्धस्मारकांवर काळे कापड चढले, आणि प्रांताला स्वायत्ततेच्या मागणीकडे पुन्हा ढकलले जात असल्याची भीती पॅरिसमध्ये पसरली. एका आठवड्याच्या आत, १९ फेब्रुवारीला, राष्ट्रीय सभेने ३१९ विरुद्ध २११ मतांनी सक्तीने भरती झालेल्यांना माफी देणारा कायदा संमत केला. २१ तारखेला पहाटे ते तेरा जण सुटले आणि घरी परतले. मृत्युदंड झालेल्या दोघांची शिक्षाही पुढे कमी होऊन १९५० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ते मोकळे झाले.

सरकारच्या जागी स्वतःला ठेवून पाहिले तर या निर्णयाची कारणे समजतात. १८७१, १९१८, १९४० आणि १९४४ या चार वेळा देश बदललेला सीमेवरचा प्रांत पुन्हा गमावण्याची जोखीम कोणतेही सरकार हलक्याने घेणार नाही. तरीही माझा आक्षेप दोन गोष्टींवर आहे. माफी ही शिक्षेनंतर काही काळाने, प्रत्येकाच्या वर्तनाची छाननी करून देता आली असती. एका आठवड्यात सरसकट देण्याने न्यायालयाचा निकाल म्हणजे केवळ औपचारिकता होती असा संदेश गेला. आणि ज्या गावाच्या नावाने आठ वर्षे सरकारी भाषणे झाली, त्या गावाशी या निर्णयाआधी बोलणेसुद्धा झाले नाही.

गावाने दिलेले उत्तर

ओरादूरने सरकारशी संबंध तोडले, आणि ते शब्दशः तोडले. गावाला मिळालेला लेजियाँ दॉनर हा सन्मान परत करण्यात आला. सरकारने मृतांच्या अस्थींसाठी बांधलेले भूमिगत स्मारक कुटुंबांच्या संघटनेने नाकारले. अस्थी गावाच्या स्वतःच्या स्मशानभूमीत, संघटनेने स्वतः उभारलेल्या स्मारकात ठेवल्या गेल्या. १० जूनच्या वार्षिक स्मृतिदिनाला सरकारी प्रतिनिधींना बोलावणे बंद झाले. अवशेषांच्या प्रवेशापाशी फलक लावण्यात आले आणि त्यांवर माफीच्या बाजूने मत देणाऱ्या खासदारांची नावे लिहिली गेली. हे फलक १९६० च्या दशकापर्यंत तिथे होते.

या वागण्याकडे काही लेखक हट्टीपणा म्हणून पाहतात. मला त्यात एका छोट्या गावाने वापरलेला एकमेव उपलब्ध अधिकार दिसतो. जमीन सरकारची, कायदा सरकारचा, न्यायालय सरकारचे. शोक कोणासोबत करायचा, एवढेच गावाच्या हातात होते, आणि ते त्यांनी ठामपणे वापरले. सरकारचे भूमिगत स्मारक वीसेक वर्षे जवळजवळ रिकामे राहिले; १९७० च्या दशकात राख आणि ढिगाऱ्यातून सापडलेल्या वस्तू तिथे मांडल्या जाऊ लागल्या. थांबलेली घड्याळे, चष्मे, वितळलेली नाणी अशा त्या वस्तू आहेत.

अल्सासशी सलोखा त्याहून धिम्या गतीने झाला. १९९० च्या दशकात स्ट्रासबुर्ग आणि ओरादूर यांच्यातल्या भेटीगाठींना सुरुवात झाली. तरीही वाद मिटला नव्हता. एब्रास यांनी आपल्या आठवणींत सक्तीच्या भरतीविषयी शंका व्यक्त करणारी काही वाक्ये लिहिली, तेव्हा अल्सासमधल्या संघटनांनी त्यांच्यावर दावा लावला. कोल्मारच्या अपील न्यायालयाने २०१२ मध्ये त्यांच्याविरुद्ध निकाल दिला आणि पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. गंमत म्हणून नव्हे, खेदाने नोंदवावे लागते की ओरादूरच्या एका वाचलेल्या माणसाला न्यायालयात उभे राहण्याची पाळी त्या दुपारीनंतर सुमारे सात दशकांनी आली.

जर्मनीच्या बाजूने फार थोडे झाले. कंपनीतला एक अधिकारी हाइन्झ बार्ट याला पूर्व जर्मनीने १९८३ मध्ये जन्मठेप दिली. एकत्रीकरणानंतर, १९९७ मध्ये, प्रकृतीच्या कारणावरून त्याची सुटका झाली. २०१३ च्या सप्टेंबरमध्ये जर्मन राष्ट्राध्यक्ष योआखिम गाउक फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष फ्रांस्वा ओलांद यांच्यासोबत अवशेषांमध्ये आले आणि एब्रास यांचा हात धरून चर्चमध्ये गेले. जर्मन राष्ट्रप्रमुखाने ओरादूरला दिलेली ही पहिली भेट होती. एब्रास ११ फेब्रुवारी २०२३ रोजी ९७ व्या वर्षी वारले. त्यांच्यानंतर हत्याकांडातून वाचलेले कोणी उरले नाही.

भिंतींचा आजचा प्रश्न

साक्षीदार संपल्यावर सारा भार भिंतींवर आला आहे, आणि भिंती ढासळत आहेत. यात आश्चर्य काही नाही. घर छपरासाठी बांधलेले असते. छप्पर गेल्यावर भिंतीच्या माथ्यावर थेट पाऊस पडतो, दगडांमधला गारा धुऊन जातो, हिवाळ्यात सांध्यांत शिरलेले पाणी गोठून दगड सैल करते आणि उन्हाळ्यात वेली व झुडपे मुळे घालतात. आगीत तापलेला दगड आधीच तडकलेला असतो. त्यामुळे अवशेष ‘जसेच्या तसे’ ठेवायचे म्हणजे सतत काम करायचे: माथे चुन्याच्या गाऱ्याने बंद करायचे, झाडोरा उपटायचा, कलत्या भिंतींना आधार द्यायचा आणि तरीही कोणालाही हात फिरवल्याचे दिसू द्यायचे नाही. भिंतींवरची काजळी पावसाने केव्हाच धुऊन नेली आहे. ट्रामचे रूळ आणि वरच्या तारा राखल्या आहेत, घरांच्या पडक्या खोल्यांतून गंजलेली शिवणयंत्रे आणि सायकलींचे सांगाडे दिसतात, चर्चमध्ये घंटेचा वितळलेला गोळा आहे.

बाजाराच्या मैदानावर गंजत उभी असलेली मोटार हे अवशेषांचे सर्वांत परिचित चित्र आहे. अनेक वर्षे ती गावच्या डॉक्टरांची गाडी म्हणून दाखवली गेली: सकाळी रुग्ण पाहायला गेलेले डॉक्टर दुपारी गावात परतले, सैनिकांनी त्यांना उतरवले आणि गाडी तिथेच राहिली. डॉक्टर खरोखरच परतले होते आणि मारले गेले. मात्र मैदानावरची मोटार त्यांची नसल्याचे पुढे स्पष्ट झाले. मला हा तपशील अवशेषांच्या विश्वासार्हतेला बाधक वाटत नाही, पण इशारा म्हणून तो उपयोगी आहे. वस्तू स्वतःहून बोलत नाहीत. तिच्याशेजारी उभा असलेला माणूस सांगतो त्यावर ती काय आहे हे ठरते, आणि म्हणूनच १९९९ मध्ये राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांच्या हस्ते सुरू झालेले स्मृतिकेंद्र मला अत्यावश्यक वाटते. या केंद्रातून गेल्यावरच अवशेषांत प्रवेश मिळतो. पूर्व आघाडी, ‘दास राइश’ची वाटचाल, सक्तीची भरती आणि बोर्दोचा खटला हे सारे तिथे सांगितले जाते. अवशेष राखण्याच्या मूळ योजनेत यांतल्या कशालाही जागा नव्हती. भिंतींनी फक्त निरपराधांचा मृत्यू दाखवायचा होता.

व्यवस्थेच्या दृष्टीने आजची अडचण अशी आहे की अवशेष केंद्र सरकारच्या मालकीचे आहेत, स्मृतिकेंद्र ओत-व्हिएन जिल्ह्याच्या प्रशासनाकडे आहे, आणि अवशेषांना लागूनच असलेली स्मशानभूमी ही नव्या गावाची चालू स्मशानभूमी आहे, जिथे आजही अंत्यविधी होतात. संपूर्ण डागडुजीसाठी सुमारे १९० लाख युरो लागतील असा अंदाज २०२३ मध्ये पुढे आला आणि त्यासाठी लोकवर्गणीचे आवाहन करण्यात आले. १० जून २०२४ रोजी, ऐंशीव्या स्मृतिदिनी, राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ आणि जर्मन राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर दोघेही गावात उपस्थित होते.

सगळ्या भिंती वाचवता येणार नाहीत हे आता मोकळेपणाने मान्य करून क्रम ठरवायला हवा. माझ्या मते पहिला क्रमांक चर्चचा आणि सहा हत्यास्थळांचा असावा, त्यानंतर मैदान आणि मुख्य रस्त्यावरची दर्शनी घरे. मागच्या गल्ल्यांतली कोठारे आणि कुंपणे पडू द्यावीत, मात्र पडण्यापूर्वी त्यांचे मोजमाप आणि छायाचित्रण पूर्ण करावे. पडलेली भिंत नव्या दगडांनी उभारण्याचा मोह टाळला पाहिजे, कारण जे लोक हे हत्याकांड घडलेच नाही किंवा वेगळ्याच कोणी घडवले असे सांगत फिरतात त्यांना तेवढेच निमित्त पुरते. ऑगस्ट २०२० मध्ये स्मृतिकेंद्राच्या भिंतीवर रंगाने तसाच मजकूर लिहिला गेला होता. आणि हा क्रम पॅरिसने एकट्याने ठरवू नये. १९४४ मध्ये गावाला विचारले ते मोजक्याच जणांमार्फत, १९५३ मध्ये विचारलेच नाही. या वेळी कुटुंबांची संघटना आणि ग्रामपालिका यांना निर्णयात मताचा अधिकार मिळाला पाहिजे, केवळ समारंभात खुर्ची नको.